सहा कोंबड्यांसाठी इंदूरच्या परसात कोणते घर निवडावे?

नमस्कार. आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: लोकमान्य नगरातील आपल्या घरामागे, पश्चिमेला, दक्षिणोत्तर 22 फूट आणि पूर्व-पश्चिम 14 फूट एवढे परसू आहे. अंड्यांसाठी सहा कोंबड्या पाळायच्या आहेत, त्यांपैकी दोन कडकनाथ असाव्यात अशी मुलांची इच्छा आहे, आणि रोजची अंडी सासूबाई गोळा करणार आहेत. घरासाठी दोन पर्याय आपण पाहिले आहेत. एक म्हणजे तयार मिळणारे रंगीत लाकडी घर, जे आठ कोंबड्यांसाठी पुरते असे विक्रेता सांगतो; दुसरा म्हणजे वेल्डरकडून करून घ्यायचा लोखंडी तीन मजली पिंजरा. यांपैकी कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे.

माझे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. आपण पत्रात केवळ जागेची कल्पना यावी म्हणून लिहिले आहे की वायव्येच्या कोपऱ्यात जुना कडुनिंब असून त्याच्या लगत पत्र्याचे छप्पर असलेले, 6 फूट लांब आणि 5 फूट रुंद असे विटांचे जुने न्हाणीघर आहे आणि त्यात सध्या अडगळ भरलेली आहे. ती अडगळ हलवता येत असेल, तर आपल्या कोंबड्यांचे घर तेथेच आहे. मात्र आज ते जसे आहे तसे मुळीच उपयोगाचे नाही. त्याच्या दोन भिंती अर्ध्याहून अधिक उतरवाव्या लागतील. असे मी का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण कारण समजले की पुढचे बारीकसारीक निर्णय आपले आपल्याला घेता येतील. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, नोकरीची वर्षे माळव्यातील गावांमध्ये गेली आणि राऊला स्वतःच्या घरी कोंबड्या पाळून आता सव्वीस वर्षे झाली. या काळात परसातील ज्या कोंबड्या माझ्यासमोर मेल्या, त्यांपैकी थंडीने मेलेली प्रौढ कोंबडी मला एकही आठवत नाही. उन्हाने, ओलीने आणि शिकारी प्राण्यांनी मेलेल्या मात्र पुष्कळ आठवतात.

बाजारात मिळणाऱ्या लाकडी घरांची मूळ घडण थंड देशांतील आहे. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात कोंबड्यांच्या शरीराची ऊब आत राहावी म्हणून ते घर लहान, बुटके, चहूबाजूंनी बंद आणि एखाद्या तळहाताएवढ्या खिडकीचे करतात, आणि तेथे ते योग्यच आहे. इंदुरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा तेच घर भट्टी होते. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे 41 अंश सेल्सिअस असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती पंख अंगापासून दूर धरते आणि चोच उघडून धापा टाकते, म्हणजे श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ करून शरीर थंड करते. भोवतीची हवा कोंडलेली आणि दमट असेल तर ही वाफ होत नाही आणि कोंबडी आतल्या आत उकडते. सतत धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होत जातो आणि अंड्याचे कवच तयार होण्यात त्यामुळे अडथळा येतो. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येऊ लागली की लोक शिंपल्यांचा चुरा वाढवतात. तो द्यावाच, परंतु त्याआधी छपराकडे पाहावे.

माळव्याची एक देणगी मात्र आपल्या बाजूने आहे. ‘शब-ए-मालवा’ म्हणून ज्या रात्रीची ख्याती आहे, ती रात्र उन्हाळ्यातही दुपारच्या मानाने बरीच उतरते. दिवसभर तापलेली कोंबडी या रात्रीच्या हवेत सावरते आणि दुसऱ्या दिवसाचे ऊन सोसण्याची ताकद तिच्यात येते. अर्थात ती हवा तिच्यापर्यंत पोहोचली तरच. जाड फळ्यांच्या बंद खोक्यात दुपारची उष्णता पहाटेपर्यंत कोंडून राहते, आणि कोंबडीला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून माझा आग्रह असा असतो की आपल्याकडील कोंबड्यांच्या घराला भिंती कमी आणि छप्पर मोठे असावे. डिसेंबर-जानेवारीत येथे रात्री 7-8 अंशांपर्यंत थंडी पडते, परंतु पूर्ण पिसारा आलेल्या आणि कोरड्या जागी बसलेल्या कोंबडीला तिचा त्रास होत नाही. फक्त वाऱ्याचा झोत थेट तिच्या अंगावर येऊ नये, एवढे पाहावे लागते.

तयार घराची दुसरी अडचण मापाची आहे. आपण कळवलेले आतील माप 4 फूट × 2 फूट आहे, म्हणजे 8 चौरस फूट. आठ कोंबड्यांना प्रत्येकी 1 चौरस फूट आणि आपल्या सहांनाही जेमतेम 1.33 चौरस फूट जागा मिळते. तुसावर पाळलेल्या अंड्यांच्या कोंबडीला आत किमान 2 चौरस फूट लागतात, आणि पावसाळ्यात सलग तीन-चार दिवस बाहेर सोडता येत नाही हे गृहीत धरले तर घरगुती पाळणुकीत 4 चौरस फूट धरलेले बरे. जागा अपुरी पडली की कमजोर कोंबडीला इतर कोंबड्या टोचू लागतात, शेपटीजवळची पिसे उपटली जातात, एकदा रक्त दिसले की सगळ्याच तुटून पडतात, आणि ही सवय एकदा लागली की सोडवणे फार कठीण होते. आपल्या न्हाणीघराचे आतील क्षेत्र 30 चौरस फूट आहे, म्हणजे प्रत्येकी 5. बाहेर फिरण्यासाठी जाळीचे आवार वेगळे करायचे आहे, त्याचा विचार पुढे केला आहे.

लोखंडी पिंजऱ्याविषयी मी थोडक्यात सांगतो. शेकडो कोंबड्यांच्या व्यवसायात पिंजऱ्यांची पद्धत कशासाठी आली हे मला माहीत आहे, परंतु सहा कोंबड्यांसाठी तिची काहीही गरज नाही. पिंजऱ्यात कोंबडीला माती उकरता येत नाही, धुळीत लोळता येत नाही, दांडीवर बसता येत नाही. तारेवर उभे राहून पायांना जखमा होतात. वरच्या मजल्याची विष्ठा खाली पडत राहते. कडकनाथासारख्या चपळ, उडत्या जातीला तर पिंजरा ही शिक्षाच आहे. ही जात इंदूरच्या पश्चिमेकडील झाबुआच्या डोंगराळ भागातील आहे. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांच्या अंगणात मोकळी वाढलेली ही कोंबडी आहे. तिच्याकडून वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी मिळतात हे मुलांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे निराशा होणार नाही.

आता न्हाणीघराकडे वळू. त्याची जागा योगायोगाने उत्तम साधलेली आहे. कर्कवृत्त इंदूरच्या थोडे उत्तरेने, उज्जैनजवळून जाते. त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मावळताना तो वायव्येकडे कललेला असतो. आपला कडुनिंब नेमका तेथेच आहे, म्हणजे उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहराचे सर्वांत त्रासदायक ऊन तो अडवील. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, डिसेंबरच्या अखेरीस तर दुपारीही तो 45 अंशांहून वर येत नाही, आणि त्या वेळी कडुनिंब त्याच्या वाटेत येत नाही. म्हणून दक्षिणेची बाजू उघडी ठेवली तर हिवाळ्याचे कोवळे ऊन थेट जमिनीवरील तुसापर्यंत पोहोचेल आणि ते कोरडे ठेवील. पूर्वेची आणि पश्चिमेची भिंत जशी आहे तशी राहू द्यावी, कारण सकाळ-संध्याकाळचे आडवे ऊन आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस या दोन्हींना त्या अडवतील. उत्तर आणि दक्षिण या दोन भिंती मात्र जमिनीपासून दीड फूट उंचीच्या वर काढून टाकाव्यात आणि तेथून छपरापर्यंत जाळी बसवावी. दीड फुटाची भिंत ठेवायची ती तूस बाहेर सांडू नये आणि पावसाचे शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून. छपराचा भार कोणत्या भिंतीवर आहे हे गवंड्याला प्रत्यक्ष दाखवून मगच हातोडा लावावा. चारही कोपऱ्यांतील विटांचे खांब कायम राहिले पाहिजेत आणि जाळीच्या वर लाकडाची किंवा लोखंडी कोनाची आडवी पट्टी घ्यावी लागेल.

छप्पर सध्या उघड्या पत्र्याचे आहे, आणि या घरातील सर्वांत मोठा दोष तोच आहे. तापलेला पत्रा केवळ हवा तापवत नाही, तर वरून उष्णता थेट कोंबड्यांच्या पाठीवर फेकतो. इंदूरच्या जुन्या वाड्यांवर कवेलू, म्हणजे मातीची कौले, असत, आणि वाडे उतरवले जातात तेव्हा ते जुने कवेलू मिळतातही. पत्र्यापेक्षा ते निश्चितच थंड असतात. तथापि, मांजरे आणि माकडे ते सरकवतात, त्यांच्या फटींत उंदीर आणि पाली वस्ती करतात, आणि उंदरांमागे धामण येते. त्यामुळे कवेलू घालायचेच तर त्यांच्याखाली सलग जाळी हवी. आपल्यासाठी सोपा उपाय असा आहे की आहे तो पत्रा राहू द्यावा, त्याला बाहेरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत आणि उन्हाळ्यापुरती त्याच्यावर वीतभर अंतर सोडून बांबूची तट्टी किंवा गवताच्या पेंढ्यांचा थर बांधावा. हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण मधली वाहती हवा उष्णता घेऊन जाते. पेंढा पत्र्याला चिकटवून टाकला तर फायदा कमी होतो आणि पत्रा गंजतो तो वेगळाच. सिमेंटचे जुने पत्रे कोणी फुकट देऊ केले तरी घेऊ नयेत. त्यांत ॲसबेस्टॉस असू शकते आणि तुटक्या कडांमधून निघणारे तंतू माणसाच्या फुफ्फुसांना अपायकारक असतात.

पत्र्याचा उतार उत्तरेकडे असावा, म्हणजे दक्षिणेची बाजू उंच, साधारण 7 फूट, आणि उत्तरेची साडेपाच फूट. गरम हवा वर चढते आणि उंच बाजूने निघून जाते, खालच्या बाजूने सावलीतील हवा आत येते. दोन्ही बाजूंना किमान 2 फुटांची वळचण काढावी. ती आज नसेल तर जादा पत्रा जोडून काढून घ्यावी, कारण पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडल्या तर आपली काळी माती चिखल होऊन बसते आणि पुढे महिनाभर वाळत नाही. पावसाच्या दिवसांत दक्षिणेच्या जाळीवर वरून खाली सोडता येणारा ताडपत्रीचा पडदा लावावा. परंतु तो सोडला असतानाही छपराखालचा फूटभर भाग उघडाच राहिला पाहिजे. पाऊस आला म्हणून चारी बाजू बंद करणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. त्या एका रात्रीत आतील दमट हवा जेवढे नुकसान करते, तेवढे पावसाचे चार थेंब करीत नाहीत.

जाळीविषयी मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तेथे केलेल्या काटकसरीची किंमत मी स्वतः मोजली आहे. राऊला मी पहिले घर बांधले तेव्हा सर्वत्र मिळणारी षटकोनी, बारीक तारेची कोंबडी-जाळी लावली होती. श्रावणातील एका सकाळी, उजाडून थोडाच वेळ झाला असेल, कोंबड्या अजून आत बंद होत्या आणि मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा सातपैकी पाच कोंबड्या मरून पडल्या होत्या. मुंगसाने तळाशी सैल झालेली जाळी ओढून वाट केली होती. एकीचीही धड शिकार त्याने खाल्ली नव्हती. कोंडलेल्या जागी फडफडणाऱ्या कोंबड्यांवर ते एकेक करून तुटून पडले होते. ती जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते, शिकारी प्राण्याला बाहेर ठेवण्यासाठी नसते, हा फरक मला त्या दिवशी कळला. तेव्हापासून मी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, सांधे वेल्ड केलेली जाडसर जाळीच वापरतो. आपणही लोहामंडीत जाऊन ती हाताने दाबून, वाकवून पाहून घ्यावी. एक इंचाच्या जाळीतून लहान उंदीर आणि सापाचे पिल्लू जाते आणि बोक्याचा पंजाही आत शिरतो. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला बाहेरूनच ओरबाडून मारलेले मी दोनदा पाहिले आहे. म्हणून बसण्याची दांडी जाळीपासून फूटभर आत असावी.

शहरातील वस्तीत मुंगसाइतकाच मोठा शत्रू म्हणजे घूस. ती जमिनीखालून येते आणि अंडी, खाद्य, लहान पिल्ले काहीच सोडत नाही. आपल्या न्हाणीघराला कोबा आहे, त्यामुळे आत ती पोखरू शकणार नाही; हा तयार लाकडी घराच्या मानाने फार मोठा फायदा आहे. परंतु न्हाणीघराला मोरी आहे, आणि मोरीचे तोंड म्हणजे घूस, मुंगूस आणि साप यांना उघडा दरवाजा. ते दुहेरी जाळीने, सिमेंटात पक्के बसवून बंद करावे. धुताना पाणी जाईल एवढीच वाट राहावी. बाहेरच्या आवाराला मात्र फरशी नको, तेथे माती हवी. त्या जाळीच्या तळाशी बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरावी आणि तिच्यावर विटा किंवा मुरूम टाकावा. खणणारा प्राणी जाळीच्या अगदी पायाशी खणू लागतो. तेथे त्याला आडवी जाळी लागते आणि मागे सरकून खणण्याची बुद्धी त्याला सहसा होत नाही. जाळी जमिनीत उभी पुरण्याची पद्धतही आहे, पण आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि उभ्या जाळीखाली आयती वाट तयार होते. याच मातीमुळे आवाराचे खांब एका पावसाळ्यात वाकडे होतात, कारण ती ओलीने फुगते आणि उन्हाने आकसते. खांबासाठी खड्डा 2 फूट घ्यावा आणि तो काढलेल्या मातीने न भरता मुरूम आणि काँक्रीटने भरावा.

आवार न्हाणीघराच्या दक्षिणेला 6 × 11 फुटांचे करावे. प्रत्येक कोंबडीला 11 चौरस फूट मिळतील आणि आपल्याला कपडे वाळत घालण्यासही जागा उरेल. ते वरूनही जाळीने बंद असले पाहिजे. कडकनाथ सहा फुटांचे कुंपण सहज ओलांडते आणि वरून शिक्रा येतो, ही कारणे आहेतच. परंतु इंदूरकरांना आणखी एक कारण विसरता येणार नाही. डिसेंबर 2020 च्या अखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले आणि भोपाळला पाठवलेल्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. हा विषाणू रोगी पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतो. आपल्या कडुनिंबावर कावळे बसणार, हे उघड आहे. त्यामुळे खाद्याची आणि पाण्याची भांडी ज्या भागात ठेवाल, निदान त्या भागावर तरी जाळीऐवजी पत्रा घालावा आणि भांडी कधीही झाडाखाली उघड्यावर ठेवू नयेत.

आत जमिनीवर तुसाचा चार ते सहा इंच थर द्यावा. आपल्याकडे गव्हाचा भुसा सहज मिळतो, लाकडाच्या वखारीतील जाडसर भुस्काही चालतो. अगदी बारीक भुस्कट मात्र धूळ करते आणि कोंबड्या ते खातात. शेंगदाण्याची टरफले मिळाली तर त्यांत मिसळावीत. हा थर रोज बदलायचा नसतो. कोंबड्या तो उकरत राहतात, विष्ठा त्यात मिसळून वाळते, आणि आपण आठवड्यातून दोनदा फावड्याने खालीवर केला की वास येत नाही. मूठभर तूस घट्ट दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर ते सुटले तर ठीक, लाडू राहिला तर ओल जास्त आहे. ओल वाढली की विष्ठेतील यूरिक आम्लापासून अमोनिया तयार होतो. तो आपल्याला उभ्याने जाणवत नाही. वाकून, जमिनीपासून फूटभर उंचीवर, म्हणजे कोंबडीच्या नाकाच्या पातळीवर, वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनलिका आधीच बिघडू लागल्या आहेत असे समजावे. पावसाळ्यात रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, ज्या घरांत शिरते त्यांचे तूस बहुधा ओले असते. अशा वेळी ओला भाग काढून टाकून, कोंबड्या बाहेर असताना, विरवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी मिसळावी. 100 चौरस फुटांना 1 किलो या हिशेबाने आपल्याला साधारण 300 ग्रॅम पुरेल. कळीचा चुना थेट टाकू नये, त्याने पाय आणि डोळे भाजतात. पाण्याचे भांडे घराबाहेर आवारात ठेवले तर निम्मी ओल मुळातच टळते.

जुन्या विटांच्या भिंतींचा एक धोका मी मुद्दाम सांगतो, कारण तो दिवसा दिसत नाही. गिलाव्याच्या भेगांत कोंबड्यांची गोचीड आणि तांबडे पिसूकिडे लपून राहतात आणि रात्री झोपलेल्या कोंबड्यांचे रक्त पितात. तुरे पांढरे पडतात, अंडी कमी होतात, आणि मालक खाद्यात दोष शोधत बसतो. गोचिडीमुळे स्पायरोकिटोसिस हा तापाचा रोगही पसरतो. म्हणून कोंबड्या आणण्यापूर्वी सगळ्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात, भिंतींना आतून दाट चुना द्यावा आणि तो दर वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा. नंतरही महिन्यातून एकदा रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू आणि तिचे सांधे तपासावेत. याच कारणासाठी दांडी पोकळ बांबूची नको. सलग लाकडाची, दोन इंच रुंद, वरच्या कडा गोल केलेली, आणि काढून उन्हात टाकता येईल अशी खोबणीत बसवलेली असावी. प्रत्येक कोंबडीला 9 इंच धरले तर सहांना साडेचार फूट लागतात. आपल्या 6 फुटांच्या लांबीत एकच दांडी पुरते. उंची अडीच फूट ठेवावी. उरलेल्या चार कोंबड्या वनराजासारख्या वजनदार जातीच्या घेतल्या, तर ती दीड फुटांवर आणावी, कारण जड कोंबडी उंचावरून उतरताना तळपाय दुखावून घेते आणि तेथे गाठ धरते. दांडीखाली एक फळी किंवा पत्र्याचे ताट सरकवून ठेवावे. रात्रीची विष्ठा तेथेच साचते आणि सकाळी ती उचलून कुंड्यांच्या खतात घातली की तूस फार काळ टिकते. आपल्या शहरात स्वच्छतेबाबत महापालिका आणि शेजारी दोघेही जागरूक आहेत, आणि ते योग्यच आहे. काम सुरू करण्यापूर्वी झोन कार्यालयात विचारून घ्यावे आणि शेजाऱ्यांनाही सांगावे. कोंबडा पाळू नये. अंड्यांसाठी त्याची गरज नसते आणि पहाटेचा वाद टळतो.

अंडी घालण्यासाठी दोन खोकी पुरतात, प्रत्येकी फूटभर लांब, रुंद आणि थोडे अधिक उंच. चोइथराम मंडीतून मिळणारी फळांची लाकडी खोकी स्वच्छ घासून, चुना लावून वापरता येतील. पत्र्याची खोकी नकोत; उन्हाळ्यात त्यांत बसायला कोंबडी तयार होत नाही आणि कोपऱ्यात कोठेतरी अंडी घालू लागते. ती उत्तरेच्या भिंतीवर, काळोख्या आणि थंड बाजूला, दांडीपेक्षा खाली ठेवावीत, नाहीतर कोंबड्या रात्री तेथेच झोपून ती घाण करतात. सासूबाईंना वाकून आत जावे लागू नये म्हणून खोक्यांच्या मागे, बाहेरच्या बाजूला, जाळीत एक लहान झडप करावी. मात्र दांडी दीड फुटांवर असेल तर खोकी जमिनीलगत येतील आणि झडप जाळीऐवजी खालच्या भिंतीत करावी लागेल. तेव्हा झडपेजवळ एक स्टूल कायम ठेवावे, म्हणजे बसून अंडी काढता येतील. झडपेला आणि मुख्य दाराला साधी कडी न ठेवता अडसर आणि त्यात अडकवायचा हूक असे दोन्ही असावे, कारण सैल कडी बोका पंजाने सरकवतो.

गवंडीकाम आणि छपराचे काम जूनपूर्वी संपवावे, म्हणजे पहिला पाऊस घर रिकामे असतानाच पाहता येईल: पाणी कोठून आत येते, पागोळ्या कोठे पडतात, आवारात कोठे साचते. त्याआधी मे महिन्यातील एखाद्या दुपारी तीन वाजता दांडीच्या उंचीवर तापमापक टांगून, स्वतः दहा मिनिटे आत बसून पाहावे. बाहेरच्या सावलीपेक्षा आत अधिक उकडत असेल तर वळचण, तट्टी किंवा जाळी यांपैकी काहीतरी अपुरे राहिले आहे. एका अंधाऱ्या रात्री घरातील एकाला आत बॅटरी लावून बसवावे आणि आपण बाहेरून कोपऱ्यांत, दाराखाली आणि मोरीजवळ फिरून पाहावे. जाळीखेरीज जेथून उजेड बाहेर येतो, तेथून घूसही आत येईल. कोंबड्या ऑक्टोबरमध्ये आणाव्यात, 16 ते 18 आठवड्यांच्या, लसीकरण झालेल्या, आणि शक्यतो सहाही एकदम. पहिले सात-आठ दिवस त्यांना आवारातही सोडू नये. आतच खाद्य-पाणी द्यावे आणि रात्री त्या दांडीवर चढतात की नाही ते पाहावे. ज्या जमिनीवर कोपऱ्यात दाटीने बसतील, त्यांना अंधार पडल्यावर हळूच उचलून दांडीवर ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर त्या आपल्या आपण चढू लागतात, आणि आठवड्यानंतर आवाराचे दार उघडले तरी संध्याकाळी त्याच दांडीवर परत येतात.